पहिल्या बेटसहलीला निघणाऱ्या जोडप्यासाठी

उष्णकटिबंधीय बेटावर दोघे पहिल्यांदाच जाणार असाल, तर हॉटेलच्या छायाचित्रांआधी ऋतू पाहावा. कॅरिबियन बेटांवर १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ मानला जातो, आणि या महिन्यांत मिळणारी घसघशीत सवलत बहुधा त्याच कारणाने मिळते. स्कूबा डायव्हिंग सुट्टीच्या पूर्वार्धातच उरकावे, कारण पाण्याच्या दाबामुळे शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि तो निघून जाण्याआधी विमानात बसल्यास, तेथील कमी दाबामुळे, त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकाहून अधिक वेळा बुडी मारली असेल, तर उड्डाणापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेले सनस्क्रीन नेऊ नये. ते प्रवाळांना घातक असल्याने पलाऊ या प्रशांत महासागरातील बेटदेशाने २०२० पासून त्यावर बंदी घातली आहे.

आणखी एक, थोडे खासगी: प्रत्येक तास सोबतच घालवण्याचा हट्ट धरू नये. आम्ही पहिल्या सहलीत तो धरला आणि चौथ्या दिवशी एका छत्रीवरून भांडलो. पुढच्या वेळी सकाळी एकाने पोहायचे, दुसऱ्याने निवांत झोपायचे असे ठरवले, तेव्हा दुपारचे जेवण गप्पांत रंगू लागले.