रानबदकांना गवताळ माळ का लागतो आणि शिकारीला बसायचं कुठे?

प्रश्न अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याचा आहे, म्हणून तिथलंच सांगतो. गवत विणीसाठी, शिकार पाण्यावर, नाहीतर कापलेल्या शेतात. पण "बदक पाण्यातलं पाखरू, त्याला माळ कशाला? नांगरा आणि सोयाबीन लावा" हे ऐकून कान किटलेत, म्हणून आधी गवताचं.

मॅलार्ड, गडवाल, तलवार बदक (पिनटेल), सगळी घरटं करतात जमिनीवर, कोरड्यात. मॅलार्डची मादी तर कधी पाण्यापासून मैलभर लांब बसते. गडवालला दाट गवत लागतं. तलवार बदक आखूड गवतात, अगदी गेल्या हंगामाच्या धसकटांतही अंडी घालतं आणि वसंतातल्या नांगरटीत ती जातात. बांधालगत चिंचोळी पट्टी सोडून "आम्ही गवत राखलं" म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. कोल्हा आणि स्कंक (घाण वास सोडणारा काळा-पांढरा प्राणी) अशा पट्टीतूनच फिरतात, एका रात्रीत सगळी घरटी हुंगून काढतात. गवत सलग हवं आणि मधे उथळ डबकी हवीत. ती लवकर तापतात, किड्यांनी भरतात, आणि अंडी घालायच्या दिवसांत मादी त्या किड्यांवरच जगते.

आता शिकार. आदल्या संध्याकाळी बदकं ज्या धसकटांत उतरली, नेमकं तिथेच बसा. शेजारचं शेत चालत नाही. मालकाला विचारा. वारा पाठीवर घ्या. डिकॉय, म्हणजे थव्याला भुलवायची नकली बदकं, समोर यू आकारात मांडा, तोंड वारा जातो त्या बाजूला, मधे वीसेक यार्ड मोकळे. बदक वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे ते तुमच्याच दिशेने येतं. ऑक्टोबरात पहाटे डिकॉयवर दव गोठून चकाकतं आणि थवा वरूनच वळतो. फडक्याने पुसत राहा. काडतूस तीन इंची, स्टीलचे दोन नंबर छर्रे, मॉडिफाइड चोक (नळीचं तोंड मध्यम अरुंद, छर्रे फार पांगू नयेत म्हणून). पस्तीस यार्डांपलीकडे बार टाकू नका. स्टील शिशापेक्षा हलकं, वेग लवकर मरतो, आणि जखमी पाखरू पाणकणसांत शिरलं की कुत्र्याशिवाय सापडत नाही.

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं. राज्याच्या परवान्याबरोबर २५ डॉलरचा डक स्टँप, म्हणजे केंद्र सरकारचं शिकारीचं तिकीटही लागतं. १९३४ पासून याच पैशातून पाणथळ जागा आणि गवताळ रानं विकत घेतली जातायत. शिकाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब आधी बघावा.

हो, हंगामाच्या सुरुवातीला नरांची पिसं पुरती रंगलेली नसतात. मॅलार्डच्या माद्यांवर वेगळी मर्यादा असते, तेव्हा ओळख पटल्याशिवाय घोडा ओढू नका. मर्यादा दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. एच-१बी व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना हातात असल्याशिवाय बंदुकीला हात लावू नका, आणि वकिलाला विचारा. भारतात यातलं काहीही करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे.