ग्रो टेंटमध्ये धिंगरी (ऑयस्टर मशरूम) लावलीय, फॅन चालू केला की ह्युमिडिटी पडते, बंद केला की देठ लांबतात. कितीचा फॅन घेऊ?

तुमचा प्रश्न वाचून हसू पण आलं आणि जरा दुखलं पण. तुम्ही लिहिलंय की सोलापुरात फ्लॅटच्या मागच्या खोलीत 4 बाय 4 फुटांचा टेंट, म्हणजे घरात झाडं लावायचा कापडी तंबू, त्यात धिंगरीच्या बारा बॅगा, सोबत आलेला चार इंची फॅन लावला की ह्युमिडिटीचं मीटर 40 टक्क्यांवर येतं आणि बंद ठेवला की मशरूमला नुसतं देठ, टोपीचा पत्ता नाही. हे मी 120 बॅगांवर भोगलंय, ते पण घरच्या माणसाचं ऐकून.

आधी त्या टेंटचं. टेंटबरोबर जे व्हिडिओ बघून तुम्ही फॅन लावलाय ते धिंगरीचे नाहीत, गांजाचे आहेत. कॅनडात 2018 पासून कायद्यानं चालतं, लोक घरात लावतात आणि शिकवतात. आपल्याकडं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा 1985 चा कायदा, परवान्याशिवाय एक झाड सापडलं तरी आत, त्यामुळं त्या भानगडीत पडू नका. पण मुद्दा वेगळाय. ती लोकं फुलोऱ्यात ह्युमिडिटी मुद्दाम 40-50 वर आणतात कारण फुलात बुरशी शिरली की माल गेला. आपल्याला बुरशीच पाहिजे की हो! ते झाड उजेडात कार्बन डायऑक्साईड खातं, काहीजण तर वरून सोडतात. धिंगरी आपल्यासारखा श्वास घेते, कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकते, आणि तो साचला की गुदमरून मान लांब करते. म्हणजे त्यांचा फॅन हवा कोरडी करायला आणि आपल्याला फॅन पाहिजे तो श्वास घ्यायला.

आता माझं ऐका. आमचं घर मागवाल्यांचं. आजोबांचा खड्डामाग होता, वडिलांनी पॉवरलूम घातले, टॉवेल आणि चादरी. धंदा बसला, लूम भंगाराच्या भावात किलोवर गेले, राहिली ती पत्र्याची रिकामी शेड. मी त्यात धिंगरी लावायची ठरवली. गव्हाचा भुसा, थोडी कडब्याची कुट्टी, रात्रभर भिजवून 80 अंशाच्या पाण्यात तासभर, सगळं रीतसर. जानेवारीत बॅगा भरल्या, वीस दिवसात पांढऱ्याशुभ्र झाल्या, एकीत सुद्धा हिरवी बुरशी नाही. त्या वीस दिवसांत बंद अंधारी खोली चालते, उलट बरी, आणि तिथंच माझी फसगत झाली.

आमचे थोरले दाजी, तीस वर्षं लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम जुळवून देणारा. शेडमध्ये आले, वरखाली बघितलं आणि म्हणाले, "काय करालास बे, झरोके उघडे ठेवून? हवा घुसली की संपलं. आमच्या शेडला कधी खिडकी उघडी बघितलास का?" आता लूमच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के खरंय. सुती सूत कोरडं पडलं की तार तुटती, दिवसभर गाठी मारत बसा. खड्डामाग खड्ड्यात का असायचा, तर जमिनीची ओल ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, लागावी म्हणून पण. पुढं शेडमध्ये पाणी मारायचं, दारं लावून घ्यायची, बारदान ओलं करून टांगायचं, हेच चालायचं. भांडवलात दाजींचे पैसे होते आणि बहिणीचा नवरा, मी काय बोलणार? झरोक्यांवर प्लास्टिक ठोकलं. मीटर 92. दाजी खूश.

आठव्या दिवशी बॅगांतून जे बाहेर आलं ते बघून मला वाटलं बियाणंच चुकीचं आलंय. बोटाएवढे लांब देठ, वर शर्टाच्या बटनाएवढी टोपी, आणि देठाच्या बुडाशी कापसासारखी पांढरी लव. ती लव लक्षात ठेवा, ती दिसली की मीटर काही का म्हणेना, हवा खराब आहे. मी बियाणं देणाऱ्याला फोन करून नको ते बोललो, त्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती. हॉटेलवाल्यानं एक देठ चावून बघितला, म्हणाला चिवट आहे, रबर, आणि दोनशे बोललेला माल साठला मागितला. दिला. दाजी म्हणाले पाणी कमी पडलं. अजून पाणी मारलं. मग टोप्यांवर पाणी साचून पिवळट चिकट डाग पडले आणि वास मारायला लागला, तो माल साठला पण गेला नाही.

ह्यातनं बाहेर काढलं आईनं. आईनं चाळीस वर्षं बिड्या वळल्यात. बिडीची पानं ओली करून फडक्यात गुंडाळून ठेवतात, नाहीतर कडक होऊन फाटतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. ती शेडमध्ये आली, दारातच पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "पानं घट्ट बांधून ठेवल्यावर असाच वास येतो. फडकं ओलं ठेवायचं, पण पानाला वारा लागला पाहिजे." झालं. तीस वर्षांच्या जॉबरला जे कळलं नाही ते तिनं उंबऱ्यावरून सांगितलं.

मी दुसऱ्या दिवशी प्लास्टिक फाडलं, घरचा जुना कूलर भिंतीत बसवला, गवत नवीन घातलं, समोरच्या झरोक्याला डास-जाळी. पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद. म्हणजे हवा आत यायची ती ओली होऊनच. दुसऱ्या तोडणीला टोपी तळहाताएवढी. दाजी म्हणाले हवामान बदललं असंल. त्यावर आमचं जे झालं ते इथं लिहीत नाही, दिवाळीला सुद्धा बोलणं नव्हतं.

तर तुमचा फॅन. टेंट साडेसहा फूट उंच धरला तर आत साधारण 3 घनमीटर हवा. चार इंची इनलाइन फॅन तेवढी हवा मिनिटभरात उपसून टाकतो. फेब्रुवारीत दुपारी बाहेर 33 अंश आणि 25 टक्के असली, तर ती हवा 26 अंशाला 85 टक्के करायला प्रत्येक घनमीटरमागं 12 ग्रॅम पाणी लागतं. हिशोब करा, फॅन सलग तासभर चालला तर दोन लिटरच्या वर पाणी हवेत गेलं पाहिजे. टेबलावरचा ह्युमिडिफायर तासाला पाव लिटर कसाबसा सोडतो. म्हणून तुमचं मीटर पडतंय, तुमची चूक नाही. तो फॅन काढा, कॉम्प्युटरचा 120 मिलिमीटरचा 12 व्होल्टवाला लावा, टेंटच्या वरच्या तोंडाला बाहेर फेकणारा, टायमरवर तासात दोनदा पाच-पाच मिनिटं. खालच्या फडकीला, म्हणजे हवा आत यायच्या तोंडाला, बारदान बांधा आणि त्याचं टोक बादलीत सोडा, आत येणारी हवा त्यातूनच आली पाहिजे. देठ लांबत असले तर मिनिटं वाढवा, टोपीची कड सुकून तडकत असली तर कमी करा. मीटरपेक्षा टोपी खरं बोलते.

मीटरवरून आठवलं, तीनशे रुपयाच्या मीटरवर लोक भांडणं करतात. डब्यात झाकणभर मीठ घ्या, पाण्यानं चिखलासारखं ओलं करा, शेजारी मीटर ठेवून डबा घट्ट लावा, रात्रभर. सकाळी 75 दाखवायला पाहिजे. माझं 83 दाखवत होतं, म्हणजे दाजींचं 92 पण खोटंच. आणि हे पण बघा, पहाटे 18 अंशाला 90 टक्के दाखवणारी हवा, एक थेंब पाणी कमी न होता, दुपारी 33 अंशाला 37 दाखवते. मीटर पडलं की लगेच पाणी मारत सुटू नका, आधी गरमी कमी करा. पत्र्याखाली असाल तर वर कडब्याच्या पेंढ्या टाका, माझ्या मते ते फॉगरपेक्षा, म्हणजे धुकं सोडणाऱ्या मशीनपेक्षा, भारी काम करतं. फॉगर, अल्ट्रासॉनिक वगैरे मला पटत नाही, आपल्या बोरच्या जड पाण्यानं सगळ्या बॅगांवर पांढरी पावडर बसते, आणि नळाचं पाणी येतं ते आधी प्यायला.

हां, हे सगळं कोरड्या दिवसांचं. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा कूलरमध्ये पाणी नको, नुसती हवा खेळवा, नाहीतर हिरवी बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये धिंगरीचा हट्ट सोडा, दुधी मशरूम लावा, तिला 30-35 अंश चालतं. आणि मास्क, हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं. टोप्या पूर्ण उघडल्या की बारीक पूड उडते, मला दोन महिने खोकला होता, तुमचं तर फ्लॅट आहे, घरात दमेकरी कुणी असंल तर टेंटची हवा खिडकीबाहेर काढा नाहीतर लावूच नका. कडा आत वळलेल्या असतानाच तोडा. ओल्या जागेत वायरी उघड्या नकोत, अर्थिंग तपासून घ्या.

गेल्या आठवड्यात दाजी आलते, आता बोलणं आहे. शेडमध्ये चक्कर मारली, धिंगरीची भाजी दोनदा मागून घेतली आणि जाता जाता झरोका लावून गेले. सवय आहे हो त्यांची. ते इथं काही वाचत नाहीत, पण भाची वाचती.