बॅगेतला विठोबा

प्रिय मावशी,

मी नातेपुत्याची. माऊलींची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते. वडील, म्हणजे अण्णा, माळकरी, माझ्याही गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ. गेली दोन वर्षं मी जेरुसलेममध्ये एका आजींची देखभाल करते. आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, मूळच्या रेवदंड्याच्या. वय ऐंशीच्या पुढं, पण मराठी अजून खणखणीत. येताना आईनं चार बोटं उंचीचा पितळी विठोबा दिला होता. तो मी माझ्या खोलीतल्या खिडकीत ठेवला. आजींच्या जावयांनी पाहिला. ते धर्म कडक पाळतात. रागावले नाहीत, पण म्हणाले, या घरात मूर्ती नको. तेव्हापासून तो साडीत गुंडाळून बॅगेत आहे. रोज झोपताना वाटतं, मी देवाला कोंडून ठेवलंय.

दुसरं असं. सुट्टीच्या दिवशी माझी मल्याळी मैत्रीण मला ख्रिस्ताच्या कबरीच्या चर्चमध्ये घेऊन गेली. तिथल्या शिळेवर सगळे रुमाल घासत होते, मीही घासला, डोकं टेकलं. एकदा यहुदींच्या पवित्र पश्चिमेच्या भिंतीत लेकाच्या दहावीसाठी चिठ्ठी ठेवली आणि तिथंच ढसाढसा रडले. आजी दवाखान्यात होत्या तेव्हा रमजान होता. रोजा सोडताना तिथल्या अरब नर्सताईंनी पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला. हे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले तर दिरांनी लिहिलं, "तिकडं जाऊन धर्म बदलला काय?" अण्णा तर आठ दिवस फोनवर आले नाहीत.

खरं सांगू का, आता जपाला बसले की काहीच वाटत नाही. भिंतीपाशी रडू येतं आणि माझ्या विठ्ठलापुढं येत नाही. मावशी, माझं काही चुकतंय का?

– माळकऱ्याची लेक

*

लेकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी बॅगेतल्या विठोबाचं बोलू, कारण तुझा जीव तिथं अडकलाय.

माझं बालपण अलिबागला, इस्रायल आळीला लागून गेलं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक बेने इस्रायल कुटुंब राहायचं. त्यांच्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनामंदिराला, सगळे मशीदच म्हणायचे, ते स्वतःही. दाराच्या चौकटीवर मेझुझाची, म्हणजे आत शास्त्रवचनं लिहिलेली, नळी तिरकी ठोकलेली असायची. शेजारच्या काकू तिला बोटं लावून ती ओठांना लावायच्या आणि मग घरात शिरायच्या. दिवाळीत चकल्या, करंज्या, अनारसे झाले की देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी आई एक ताट वेगळं काढायची. त्यावर धुतलेलं फडकं टाकून मला म्हणायची, "जा, काकूंकडे देऊन ये. तू आलीस की मग देवाला दाखवू." मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न यहुदी माणसाला चालत नाही. हे आईनं काकूंना एकदा विचारून घेतलं होतं, आणि मग कधी पुन्हा विचारावं लागलं नाही. आमच्या देवघरातला गणपती आणि बाळकृष्ण दर दिवाळीला माझी वाट बघत थांबायचे. मी धापा टाकत परत आले की आई तुळशीचं पान ठेवायची आणि ताटाभोवती पाणी फिरवायची.

काकूंकडून मलिदा यायचा. नवस फेडला, लग्न ठरलं, की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, नावानं त्यांच्याकडे मलिदा असे. गोड केलेले पोहे, ओलं खोबरं, वेलचीचा वास आणि सोबत फळं. ताट देताना काकू हळूच म्हणायच्या, "देवापुढे ठेवू नको हं वैनी, हातावर घेऊन खा." आई उंबरठ्यातच आम्हा पोरांच्या ओंजळीत मलिदा घालायची. या बोलण्यानं आईला कधी वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. शेजार इतका पक्का होता की त्यात नको म्हणायलाही जागा होती.

जावयांचं "मूर्ती नको" तू या कानांनी ऐकावंस असं मला वाटतं. मूर्ती करू नये, तिच्यापुढे वाकू नये, ही त्यांच्या दहा आज्ञांतली गोष्ट आहे. तुझ्या विठोबाला त्यांनी नावं ठेवली नाहीत. आपल्या घराची शिस्त सांगितली. घर त्यांचं आहे, तेव्हा ती पाळायला हवी. पण लपवून ठेवणं मला पसंत नाही. लपवल्यानंच तुला कोंडल्यासारखं वाटतंय. आजींना सांग. मराठीतच सांग, दुपारचा चहा घेताना. "आजी, विठोबा बॅगेत आहे, तो बाहेर कुठं नेऊन ठेवते, तोवर राहू दे का?" एवढंच म्हण. रेवदंड्याची बाई आहे ती. तिला विठोबा कोण हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. तिच्याही घरात रथातून आभाळात जाणाऱ्या एलियाहूचं चित्र कुठंतरी लावलेलं असेल. तो रथ अलिबागजवळ खंडाळ्याला टेकला होता आणि खडकावर त्याची खूण आहे, असं बेने इस्रायल लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले. देवाच्या प्रेषिताची खूण आपल्या गावाजवळ उमटलीय, या भावनेत वाढलेल्या माणसाला तुझी पालखी लगेच कळेल.

मग तो विठोबा न्यायचा कुठं? सुट्टीच्या दिवसासाठी तुम्ही देखभालवाल्या मुली मिळून खोली घेता, तशी तुझ्या ओळखीत असेल तर तिथल्या एका फळीवर त्याला उभा कर. आठवड्यातून एकदा जा, पुसून घे, वात लाव. इतर दिवशी गळ्यातली माळ आहेच, तिला कुणाच्या घरात अडचण नाही. मात्र कुणी तुझ्या सामानाला हात लावून मूर्ती टाकून दिली, किंवा माळ काढ म्हणालं, तर ते घराच्या शिस्तीत बसत नाही. तेव्हा गप्प बसू नको, एजन्सीकडे बोल.

आता फोटोंचं. भिंतीपाशी चिठ्ठी ठेवलीस त्यात तू कुणाचा धर्म घेतला नाहीस. ती भिंत म्हणजे काही देऊळ नव्हे. यहुदींचं दुसरं देऊळ इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं. ज्या उंच चौथऱ्यावर ते उभं होतं त्याच्या बाजूची, हेरोद राजानं बांधून घेतलेली ती आधाराची भिंत आहे. तिथं कोणत्याही धर्माच्या माणसाला जाता येतं. यहुदींच्याच शास्त्रात आहे की पहिलं देऊळ बांधून झाल्यावर राजा शलमोनानं देवाला विनवलं, दूर देशातून परका माणूस येऊन या घराकडे तोंड करून काही मागेल, तर त्याचंही ऐक. तुझ्या लेकाच्या दहावीची सोय अशी फार जुनी आहे बघ. आणि त्या चिठ्ठ्या कचऱ्यात जात नाहीत. वर्षातून दोनदा त्या गोळा करून जैतूनाच्या डोंगरावर पुरतात. मराठीत लिहिलेली तुझी चिठ्ठीही त्या मातीत जाईल.

त्या रुमालाबद्दल मात्र मला तुझ्याशी थोडं वेगळं बोलायचंय. डोकं टेकलंस ते चांगलं केलंस. दुसऱ्याच्या पवित्र जागी मान आपोआप खाली जाते, तो आपल्यावरचा संस्कार आहे. पण येशूचा देह पुरण्याआधी जिथं ठेवून तेल आणि सुगंधी द्रव्यं लावली असं ते मानतात, ती ही शिळा. आत्ताचा दगड १८१० सालचा, १८०८ च्या आगीनंतर बसवलेला. श्रद्धा मात्र त्याहून कितीतरी जुनी. त्यावर रुमाल घासणारी बाई मनात एका मृत्यूचं दुःख घेऊन आलेली असते. तू रुमाल घासलास तेव्हा तुझ्या मनात काय होतं? सगळे करताहेत म्हणून, की असू दे, थोडं पुण्य इथलंही? इथून रुमाल, तिथून चिठ्ठी, आणखी कुठून तीर्थ, असं गोळा करत गेलं की कशावरच जीव बसत नाही. तुझ्या त्या रितेपणात याचाही थोडा वाटा असेल असं मला वाटतं. तो रुमाल तुझ्या मैत्रिणीला दे, तिच्या आईसाठी केरळला पाठव म्हणावं. त्या माउलीला तो उशाशी ठेवावासा वाटेल. आणि चर्चमध्ये भाकरीचा प्रसाद वाटतात तो घेऊ नको. तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो. तू हात जोडून मागे उभी राहा, त्यात पूर्ण आदर येतो.

त्या भिंतीच्या वरच्या चौथऱ्यावर, हराम अल शरीफच्या आवारात, जिथं अल अक्सा मशीद आणि सोनेरी घुमट आहे, गैरमुस्लिमांना ठरावीक वेळीच पाहायला जाता येतं, आणि मुस्लिमांखेरीज कुणी तिथं प्रार्थना करू नये असा दंडक आहे. तिथं सवयीनं हात जोडलेस तरी पोलीस हटकू शकतात. त्या आवारापायी किती रक्त सांडलंय हे तू तिथं राहून माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. सायरन वाजला की आजींना घेऊन तूच आडोशाला धावतेस. म्हणून त्या शहराचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ख्रिस्ताच्या कबरीच्या त्या चर्चमध्ये सहा पंथांचे लोक नांदतात आणि कोपरा कुणी झाडायचा यावरून त्यांच्यात हातघाईही झालेली आहे. पण त्याच चर्चच्या दाराची किल्ली शेकडो वर्षं एका मुस्लिम घराण्याकडे आहे. जुदेह घराणं किल्ली सांभाळतं आणि नुसैबेह घराण्यातला माणूस दार उघडतो. दर दिवशी. भांडणाऱ्यांना भरवशाचा शेजारी लागतो, तो त्यांना असा सापडला.

हे अण्णांना सांग. फोटो पाठवू नको, फोन कर. म्हणावं, अण्णा, इथं हेरोद दरवाज्याजवळ भारतीय लोकांची एक जुनी धर्मशाळा आहे, सूफी संत बाबा फरीद तिथं चिल्ल्याला, म्हणजे चाळीस दिवसांच्या एकांत तपाला, बसले होते असं मानतात, आणि १९२४ पासून सहारनपूरहून आलेलं एक कुटुंब ती सांभाळतंय. ज्या गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदं आहेत, त्यातच या बाबा फरीदांचीही वाणी आहे. अण्णांच्या पंढरीची पायरी ज्यांच्या नावाची, त्यांचे शब्द आणि तू राहतेस त्या शहरात बसून तप केलेल्या फकिराचे शब्द एकाच ग्रंथात आहेत आणि शीख बांधव त्यापुढे माथा टेकतात. मला वाटतं अण्णा एवढं ऐकून घेतील. ते रागावलेत असं तू धरून चालली आहेस. मला त्यांची भीती दिसते, लेक लांब गेली आणि आता आतूनही लांब जाते की काय, याची. "अण्णा, माळ गळ्यात आहे" हे वाक्य फोनवर सगळ्यात आधी बोल. दिरांना उत्तर देत बसू नको.

आता राहिलं रडू.

तू लिहिलंस, शुक्रवारचा दिवस मावळताना... नाही, हे तू लिहिलं नाहीस, पण मी डोळ्यांपुढे आणते. शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाचा, भोंगा होतो, आजी मेणबत्त्या लावून डोळ्यांवर हात धरतात, त्यांचा तोल जाऊ नये म्हणून तू मागे उभी. रात्री दोनदा उठून त्यांना बाथरूमला नेतेस. पहाटे गोळ्या. मग दहा मिनिटं मिळतात, त्यात तू माळ हातात घेतेस आणि एक कान आजींच्या खोकल्याकडे. मग जपात काय वाटणार पोरी? तू दमलेली आहेस. भिंतीपाशी तुला कुणी हाक मारणार नव्हतं. दोन वर्षांत लेकराला जवळ घेतलेलं नाहीस. चिठ्ठीवर त्याचं नाव लिहिलंस आणि बांध फुटला. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात असतीस तर तिथंही असाच फुटला असता. रडू आलं तो देव आपला आणि आलं नाही तो परका, असा हिशोब मांडू नको.

दहा मिनिटांचा जप सध्या सोड. आजींचे पाय चोळताना, वेणी घालताना मनात रामकृष्णहरी म्हण. आईबापाच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकानं वीट फेकली आणि देव तिच्यावर उभा राहिला, हे तुला मी सांगायचं म्हणजे अतीच झालं. पण तू स्वतःला विसरलीस म्हणून आठवण देते. तुझा विठोबा वाट बघायला सरावलेला आहे. साडीत गुंडाळलेला असला तरी.

त्या नर्सताईंना पुढच्या रमजानला तूही खजूर ने. आणि आजींशी बोलणं झालं की त्यांना विचार, रेवदंड्याला त्यांच्या घरी मलिद्यात कुठली कुठली फळं घालायचे. आमच्या काकू त्यात चिकू घालायच्या की नाही, हे आता मला नीट आठवत नाही, आणि विचारायला काकूही नाहीत. आजी काय म्हणतात ते मला कळव.

तुझी,
मावशी