आधी गुण निवडा, गोष्ट मागाहून

ताई, मुलीला घरी मूल्यं शिकवताना श्लोक घ्यावेत की संविधान, असं तुम्ही विचारलंत; पण असा तराजू पहिल्याच महिन्यात धरू नका. आधी गुण ठरवा. आमच्याकडे ‘दया’ आठवडाभर चालली. एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, हे ऐकून लेक म्हणाली, “मग देव रागावला नाही?” मी उत्तर दिलं नाही. दुपारी गच्चीत चिमण्यांसाठी मातीच्या परळात पाणी भरताना तीच म्हणाली, “नसेल रागावला.”

गाडगेबाबा (१८७६–१९५६) तर भक्ती आणि समाज, दोन्हीकडचे: दिवसा खराटा, रात्री कीर्तन. सावित्रीबाईंची १८४८ची शाळाही घ्या. आजीची आरती चालू द्या, पण ‘देव शिक्षा करील’ हे धड्यात कधीच आणू नका. मुलगी खोटं लपवायला शिकते, मी पाहिलंय.