इंग्रजीतल्या 'गेट'साठी इटालियनमध्ये नेमकं कोणतं क्रियापद वापरतात? एखादी यादी मिळेल का?

यादी मागू नका. यादीनेच माझा घात केला होता.

2014च्या फेब्रुवारीत मी इटलीत, तोरीनोत शिकत होतो. खोलीत आम्ही दोघं. माझा जोडीदार नागपूरचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि त्या दोन्ही गोष्टी दिवसातून एकदा तरी ऐकवणारा. त्याने फ्रिजवर चुंबकाने एक तक्ता लावून ठेवला होता. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे इटालियन. 'गेट'पुढे लिहिलं होतं 'ओत्तेनेरे', आणि खाली दोन रेघा मारलेल्या. त्याचं म्हणणं, आधी इंग्रजीत विचार करायचा, मग इटालियनमध्ये बदलायचा, मध्ये मराठी आणली की सगळा गोंधळ.

मला सणसणीत सर्दी झाली. कोपऱ्यावरच्या हिरव्या क्रॉसच्या दुकानात, म्हणजे फार्माचीयात गेलो. 'आय गॉट अ कोल्ड' असं मनात जुळवलं, तक्ता आठवला आणि ठणकावून म्हणालो, 'ओ ओत्तेनूतो उन राफ्रेद्दोरे.' काउंटरपलीकडच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. 'ओत्तेनूतो? कॉम्प्लिमेन्ती!' म्हणजे अभिनंदन. मागे रांगेत एक आजोबा होते, ते खोकत खोकत हसले. ओत्तेनेरे म्हणजे अर्ज करून, खटपट करून मिळवणे. मी त्या बाईंना सांगितलं होतं की अथक प्रयत्नांती मला सर्दी प्राप्त झाली आहे.

मग त्यांनीच दुरुस्त केलं: 'ओ प्रेझो', प्रेन्देरेचं रूप, म्हणजे सर्दी 'घेतली'. आणि विचारलं, ताप आलाय का? ते कसं म्हणायचं हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी गोळ्या विसरून तिथेच उभा राहिलो. 'मी ए व्हेनूता ला फेब्ब्रे.' यातल्या 'मी'चा अर्थ 'मला' (हा छळ सुरुवातीला महिनाभर चालतो), 'ए व्हेनूता' म्हणजे आलाय, 'फेब्ब्रे' म्हणजे ताप. मला ताप आलाय! झोप आली तर 'मी ए व्हेनूतो सोन्नो'. त्यांचा ताप बाई आणि झोप बुवा, म्हणून एकदा व्हेनूता, एकदा व्हेनूतो. आपलंही तसंच की, ताप आला, झोप आली. इंग्रजीतून आलात तर हे शिकायला सहा महिने. मराठीतून आलात तर आपण हे आईच्या मांडीवर शिकलोय.

रात्री मी जोडीदाराला हे सांगितलं. तो म्हणाला, योगायोग. मी म्हटलं, बरं, 'आय गेट इट'चं काय? इटालियन माणूस 'ओ कापीतो' म्हणतो, भूतकाळात. आपण 'कळलं' म्हणतो, तेही भूतकाळात. तो म्हणाला, अपवाद. मग मी केसांवर आलो. 'गेट माय हेअर कट' याला इटालियनमध्ये 'फार्सी ताल्यारे ई कापेल्ली', म्हणजे सरळसरळ 'केस कापून घेणे'. यावर त्याने दिवा बंद केला.

भिजण्याचं घ्या. 'गेट वेट' या दोन शब्दांची इटालियनला गरजच पडत नाही. भिजवणे म्हणजे बान्यारे, भिजणे म्हणजे बान्यार्सी. तोडणे रोम्पेरे, तुटणे रोम्पेर्सी. चिडणे आर्राब्यार्सी. त्याच्या तक्त्यात यासाठी 'दिव्हेन्तारे', म्हणजे होणे, असं होतं. त्या हिशोबाने पावसात सापडलेला माणूस 'ओला बनतो'.

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात पादोव्हाला जायचंय, तर एवढं करा. 'गेट' समोर आलं की आधी मराठीत वाक्य म्हणा. उतरायचंय का, चढायचंय का, पोचायचंय का, पत्र आलंय का, हे आपोआप वेगळं होतं: शेन्देरे, सालीरे, आर्रिव्हारे, रिचेव्हेरे. बसमध्ये दारापाशी उभे राहिलात तर मागून कुणीतरी 'शेन्दे?' म्हणेल. ते 'उतरताय का?' असं विचारतात आणि 'नसाल तर सरका' असं सुचवतात.

आता थोडं त्याच्या बाजूनं. ओत्तेनेरे चुकीचा शब्द नाही. व्हिसा, परवाना, परीक्षेतला निकाल, म्हणजे जिथे खरंच खटपट असते, तिथे तो चालतो. तुमचा राहण्याचा परवाना, पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो, हातात पडेल तेव्हा बिनदिक्कत ओत्तेनूतो म्हणा, कमावलेला असेल. मराठीही सगळीकडे साथ देत नाही. आपल्याला नोकरी 'लागते', त्यांना ती 'सापडते', त्रोव्हारे. आपलं लग्न 'होतं', ते मात्र स्वतः करतात: 'मी सोनो स्पोझातो'. आणि केसांच्या बाबतीत नंतर कळलं की रोजच्या बोलण्यात बरेच लोक 'मी सोनो ताल्यातो ई कापेल्ली' एवढंच म्हणतात, न्हाव्याचा पत्ताच नाही. आपणही 'कालच केस कापले' म्हणतोच ना. म्हणजे तोही मुद्दा माझ्याच खात्यात.

तो आता फ्रांकफुर्टला असतो आणि ही साइट वाचतो. तक्ता माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला किराण्याचा हिशोब आहे, त्यात तुझ्याकडून माझे 14 युरो यायचेत.