मॅडम, पोट्टं काहीच खात नाई जी

हे वाक्य मी दर बुधवारी ऐकते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लहान लेकरांच्या आईबापांसोबत समुपदेशनाचं काम करते, आजूबाजूच्या पंधरा-वीस खेड्यांतून लोक येतात, आणि ताप-खोकल्याचं बोलून झालं की उठता उठता आई हळूच विचारते, मॅडम हे काहीच खात नाई, याले काही टॉनिक नाई का भूक लागायचं? म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय, लेकराला आपण सोनू म्हणू.

ऑक्टोबर संपत आला होता, कापसाची वेचणी सुरू झालेली. आई कामाचा खाडा करून आली होती, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेलीच. सोबत आजी आणि सव्वाचार वर्षांचा सोनू. वजन १३ किलो ८००, अंगणवाडीच्या तक्त्यात हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यात, पण पार खालच्या कडेला. आई म्हणाली, "घास घेऊन मांगं मांगं फिरतो मी याच्या, मोबाईल लावून देतो तेव्हा कुठं चार घास जातात, नाईतर थुंकते. दोन डब्बे पावडर आणली, दुधात टाकून देली, तेबी झालं."

मी नेहमी करते तेच केलं, काय खात नाही हे विचारलंच नाही. काल सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगा म्हटलं, एक बिस्कीटसुद्धा सोडायचं नाही. आई सांगत गेली, आजी मधे मधे भर घालत गेली, मी लिहीत गेले. उठल्या उठल्या चहात बुडवून दोन टोस्ट. आई वेचणीला निघाली तेव्हा रडू नये म्हणून बिस्कीटचा पुडा. दहा वाजता आबाजींसोबत, म्हणजे आजोबांसोबत, चहा. मग दुकानातून पाच रुपयाचा मसालेदार पुडा. दुपारी मोबाईलवर वरणभाताचे चार घास. चार वाजता परत चहा-बिस्कीट. आई घरी आली की येताना आणलेला अजून एक पुडा, कारण दिवसभर लेकराला सोडून गेल्याचं तिला वाईट वाटतं (हे तिनं खाली पाहत सांगितलं). रात्री आठला पावडरचं गोड दूध, आणि नवाला ताट वाढलं की सोनू तोंड फिरवतो.

कागद तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "हा तं दिवसभर खाऊनच राह्यला जी."

खरंच तसं होतं. पोट भरलेलं होतं, ताटापर्यंत येताना भूकच उरत नव्हती. दुसरी एक गोष्ट आईबापांना कोणी सांगतच नाही, पहिल्या वर्षात लेकरू जन्माच्या वजनाच्या जवळपास तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ किलो. त्यानंतर वाढ मंदावते, वर्षाला साधारण दोन किलो. म्हणजे दीड-दोन वर्षानंतर भूक आधीपेक्षा कमी वाटणं हे शरीराचंच काम आहे, आणि ह्याच वयात नवीन पदार्थाची भीतीही वाटते, हिरवं दिसलं की तोंड बंद. आई घाबरते, मागे लागते, लेकरू आणखी तोंड मिटतं, मग काहीतरी तर जाऊ दे पोटात म्हणून बिस्कीट. हे चक्र मी इतक्या घरांत पाहिलंय की आता कागद लिहायच्या आधीच अंदाज येतो.

पण त्या दिवशी माझं चुकलं. चहा बंद, पुडे बंद, मोबाईल बंद असं एका दमात सांगून मी छापील आहारतक्ता हातात दिला. तीन आठवडे कोणी आलं नाही. चौथ्या बुधवारी त्यांच्या गावच्या आशाताई (आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा स्वयंसेविका) भेटल्या, म्हणाल्या मॅडम त्यांच्या घरी भांडण झालं, आबाजी दोन दिवस जेवले नाहीत, लेकराला मी काय जहर देऊन राह्यलो का म्हणत होते. मला फार लागलं ते. ज्या माणसाच्या भरवशावर आई वेचणीला जाते त्यालाच मी गुन्हेगार करून टाकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आशाताईंना घेऊन त्यांच्या घरी गेले. मातीच्या भिंती, सारवलेलं अंगण, मागच्या बाजूला शेवगा. आबाजी बाजेवर बसलेले, माझ्याकडे पाहत नव्हते. मी तक्त्याचं नाव काढलं नाही, यंदा तुरीचं कसं काय विचारलं, मग बोलणं निघालं. तेवढ्यात आजीनं मला घरात बोलावलं आणि चुलीजवळची भिंत दाखवली. जमिनीपासून दोन-अडीच फुटावर माती खरवडलेली, तळहाताएवढा खळगा. आजी हळू आवाजात म्हणाली, "खाते थो. मारलं तरी खाते. सुनेले सांगू नका मी सांगतलं म्हणून."

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी लेकरू माती, पोपडे, खडू, कोळसा खात असेल तर कृपा करून त्याला मारू नका आणि लपवूही नका. बऱ्याचदा रक्तात लोह कमी असल्याची ती खूण असते. सोनूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पांढुरकी होती. डॉक्टरांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन निघालं ९.८. ह्या वयात ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, लोहाचं सिरप सुरू केलं, शौच काळी होईल घाबरू नका हे सांगितलं. आणि हे एकट्या सोनूचं नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षं वयाची देशातली ६७ टक्के लेकरं रक्त कमी असलेली निघाली आहेत, म्हणजे अंगणवाडीत ओळीनं बसलेल्या तिघांपैकी दोघं. अंगात रक्त कमी असलं की भूकही मरते, लेकरू चिडचिडं होतं, आणि आपण म्हणतो हट्टी आहे.

चहाचं मी आबाजींना तेव्हा सांगितलं, आणि वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. म्हटलं आबाजी, तुरीच्या वरणात, ज्वारीत, आंबाडीत लोह आहे, सूनबाई ते रोज रांधते, पण जेवणाच्या आगेमागे चहा गेला की चहातलं टॅनिन ते लोह धरून ठेवतं, अंगात लागू देत नाही. वरणावर लिंबू पिळलं किंवा जेवल्यावर संत्र्याच्या दोन फोडी दिल्या की तेच लोह जास्त लागतं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मंग मी काय देऊ त्याले? माह्या खिशात हात घालते थो."

माझ्या मते ह्या सगळ्या गोष्टीत ह्या प्रश्नाइतकं महत्त्वाचं काहीच नव्हतं. आबाजी पुडा देत नव्हते, माया देत होते, आणि माया बंद करा असं सांगून कोणतं घर ऐकेल? खिसा तसाच राहू द्या, फक्त खिशातलं बदलू असं ठरलं. फुटाणे-शेंगदाणे असा विचार त्यांनी लगेच केला, पण ह्या वयात अख्खा दाणा श्वासनळीत अडकू शकतो, बोरातली आठोळी पण, म्हणून आजी शेंगदाण्याचा कूट आणि गूळ एकत्र कुटून लहान लाडू करायला तयार झाली, कधी तिळाचे. दहाच्या चहाच्या वेळेला आबाजींनी चहा प्यायचा आणि सोनूनं एक लाडू नाहीतर संत्रं. आजी माळकरी, घरात अंडं शिजत नाही, मी त्याचा आग्रह धरला नाही. अंड्याशिवायही जमतं, वरण-मूग-शेंगदाणे-तीळ-दही घरात असतंच.

मग अंगणात वर्तमानपत्राचा कागद पसरला. एकीकडे दुकानातला पुडा ओतला, दुसरीकडे घरचे फुटाणे. सोनूला म्हटलं दोन्ही मुठीनं दाब आणि आपण थोड्या वेळानं पाहू. दहा मिनिटांनी पुडा उचलला तर खाली कागद पारदर्शक झालेला, पलीकडचं अक्षर दिसत होतं. सोनू बोट लावून म्हणाला, "तेल." आईनं पुड्याची मागची बाजू वाचली. घटकांची यादी असते तिथं, वजनानं जे जास्त ते आधी लिहायचा नियम आहे. मग तिनं उठून पावडरचा डब्बा आणला आणि तोही वाचला, साखर दुसऱ्या नंबरावर. ती काही बोलली नाही, डब्बा परत फडताळात ठेवला. मीही बोलले नाही.

नियम मी एकच दिला. काय वाढायचं, किती वाजता आणि कुठं बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे सोनूनं. तीन वेळा जेवण, दोन वेळा खाऊ, मधल्या अडीच-तीन तासांत पाण्याशिवाय काही नाही. अर्ध्या तासात ताट उचलायचं, रागावायचं नाही, हा घास आईचा तो घास बाबाचा असं नाही, मोबाईल नाही. मोबाईल पाहताना लेकराला पोट भरलं का रिकामं हे कळतच नाही, तोंड नुसतं उघडतं. आईनं विचारलं, "अन् नाई खाल्लं तं? उपाशी ठेवू काय?" म्हटलं नाही, पुढच्या ठरलेल्या वेळेला पुन्हा वाढायचं. एक जेवण सुटल्यानं हिंडत्या-फिरत्या लेकराला काही होत नाही. आजारी असेल, वजन घटत असेल, सुस्त पडून असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा दवाखाना.

भाजी खाल्ली तर चॉकलेट देईन, हेही बंद केलं. त्यातून लेकरू एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट बक्षीस.

पहिले पाच दिवस वाईट गेले. सोनू दुकानापुढे लोळला, शेजारीण म्हणाली काय आईबाप आहेत. आईनं मला दोनदा फोन केला, एकदा नुसती रडली. मी सांगितलं अंगणवाडीत विचारून ये. तिथं बाई म्हणाल्या, पुडा न खाता आला त्या दिवशी सोनू खिचडी दुसऱ्यांदा मागून घेतो, चार लेकरांत बसून. हे ऐकून तिला धीर आला, माझ्या दहा वाक्यांनी आला नसता.

आणि शिकवणं. लोक म्हणतात लेकरांना आहाराचं शिकवा, म्हणून आपण प्रोटीन-व्हिटॅमिन सांगायला बसतो. चार वर्षांच्या लेकराला त्यातलं काय कळणार? त्याला हातानं कळतं. आजीनं मूठभर मूग भिजवून ओल्या फडक्यात बांधले आणि ते फडकं सोनूच्या ताब्यात दिलं, पाणी शिंपडायचं काम त्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरभर ओरडत फिरला, "याले शेपूट आली! आबाजी, मुंगाले शेपूट आली!" ते मूग वाफवून, कांदा-लिंबू घालून वाढले तर त्यानं चमचाभर खाल्ले, त्याचे होते ना ते. पिठाचा गोळा देऊन स्वतःची चानकी, म्हणजे छोटी पोळी, थापायला लावली, वाकडीतिकडी, एका बाजूनं करपलेली, पण ती दुसऱ्या कोणाला देईना. डिसेंबरात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या, उकडून गंजभर अंगणात ठेवल्या की आबाजी आणि तो सोलत बसायचे, सोलता सोलता तोंडात किती जायचे ह्याचा हिशोब नाही.

आंबाडीची भाजी मात्र तो थुंकायचा. मी सांगितलं होतं की नवीन चव दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, म्हणून रोज नाही पण दोन-तीन दिवसांनी, बोटाच्या पेराएवढी ताटाच्या कडेला ठेवायची, खा म्हणायचं नाही, आपण खायची. आबाजी दर वेळी कॅलेंडरवर पेनानं एक रेघ मारत.

जानेवारीच्या शेवटी तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ११.१, वजन १४ किलो ६००. सिरप डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं आहे. चुलीजवळची भिंत आजीनं लिंपून घेतली. आठवडी बाजाराच्या दिवशी एक पुडा मिळतो, ते घरच्यांनीच ठरवलं आणि मला ते पटतं. संध्याकाळी आई घरी आली की आता काही आणत नाही, हातपाय धुऊन दहा मिनिटं त्याच्यासोबत अंगणात बसते.

परवा फोन आला, आईचा वाटला म्हणून उचलला तर पलीकडे आबाजी. "मॅडम, आज बारावी रेघ. आंबाडी तोंडात टाकली, चावली, अन् गिळली. तोंड वाकडं केलं पण गिळली जी."

मी विचारलं, मग काय म्हणाला?

"म्हणे, आंबट हाय. थोडी देजो अजून."