मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेचा तिसरा सीझन पुन्हा बघताय? मग हे वाचा

पहिल्या भागावरून सीझनला नावं ठेवू नका. स्पॉकचा, म्हणजे एंटरप्राइज जहाजावरच्या भावना दाबून तर्काने चालणाऱ्या, शाकाहारी अधिकाऱ्याचा, मेंदू चोरीला जातो ती कथा खरंच फसलेली आहे, ती सरळ सोडा. लगेच पुढचा 'द एंटरप्राइज इन्सिडेंट' लावा. शत्रुपक्षाच्या, म्हणजे रोम्युलन, जहाजाची कमांडर बाई आणि स्पॉक यांची जुगलबंदी अख्ख्या मालिकेत उठून दिसते.

थोडी पार्श्वभूमी माहीत असू द्या. प्रेक्षकांच्या पत्रांच्या पावसामुळे मालिका बंद होता होता वाचली, पण १९६८ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीने तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. तरुण मंडळी तेव्हा घराबाहेर. बजेटलाही कात्री लागली. ती कात्री पडद्यावर दिसते, आणि माझ्या मते काही ठिकाणी तिनं भलंच केलं. 'स्पेक्टर ऑफ द गन'मधलं गाव नीट बघा: घरांच्या नुसत्या दर्शनी भिंती, मागे लाल आकाश. पूर्ण सेट असता तर ते इतकं भीतिदायक वाटलंच नसतं. 'द एम्पाथ'मध्ये तर काळोख आणि चार वस्तू, बाकी सगळं चेहऱ्यांवर.

शेवटचा क्रम मात्र बदला. 'टर्नअबाउट इंट्रूडर'वर (३ जून १९६९) मालिका संपली, पण तो भाग तिला शोभत नाही. तो आधी उरका आणि 'ऑल अवर यस्टरडेज' राखून ठेवा. पाच हजार वर्षं मागे, हिमयुगात अडकलेला स्पॉक मांस खातो, चिडतो, प्रेमात पडतो. तिथे स्पॉक साकारणाऱ्या लिओनार्ड निमॉयचा आवाज कसा बदलत जातो, ते हेडफोन लावून ऐका.